गडाखालची गावे

बेल्जम हे नाव आपल्याकडे प्रथम आरशांमुळे परिचयाचे झाले. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांतून ‘बेल्जमचा आरसा’ हा पाहुण्यांना कौतुकाने दाखविण्याचा विषय असे. पुढे शाळेच्या इतिहासात वॉटर्लूची लढाई आली, आणि पहिल्या महायुद्धाच्या प्रकरणात, जर्मन फौजा बेल्जममधून फ्रान्सवर चालून गेल्या, एवढे एक वाक्य आले. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या या देशाविषयी आपली जानपछान बहुधा येथेच थांबते. परंतु ज्या भूमीतून फौजा ‘चालून गेल्या’ तेथेही माणसे राहत होती, त्यांची गावे होती, धंदे होते, शेजाऱ्यांशी भांडणे होती. त्या माणसांचा इतिहास पाहण्यासाठी आपण आज म्यूज नदीच्या खोऱ्यात उतरणार आहोत.

ही नदी फ्रान्सच्या ईशान्येस लांग्रच्या पठारावर उगम पावते. दक्षिणेकडून ती बेल्जममध्ये शिरते आणि आर्देनच्या डोंगराळ प्रदेशाला वळसा घालीत नामूरपर्यंत उत्तरेकडे येते. तेथे सांब्र नदीला पोटात घेऊन ती एकदम पूर्वेकडे वळते, ह्यूई व लिएज ही नगरे मागे टाकून हॉलंडात जाते, आणि तेथे ‘मास’ हे नवे नाव धारण करून समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी ९०० किलोमीटरांहून अधिक भरते. आपला प्रवास मात्र ह्यूई, नामूर व दिनां या तीन नगरांपुरता, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरांचा, आणि तोही प्रवाहाच्या उलट दिशेने.

या तिन्ही नगरांचे चित्र एकाच साच्यातले आहे. पुढे संथ नदी, मागे चुनखडीचा उभा कडा, दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसलेली घरे, त्यांतून वर आलेला देवळाचा मनोरा, आणि सर्वांच्या डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर, करड्या दगडांचा गड. प्रवासी येतो तो गडावर चढतो, वरून खाली पाहतो आणि ‘केवढा हा प्राचीन किल्ला!’ असे म्हणून परत जातो. आता गंमत अशी की, हे तिन्ही गड आज ज्या रूपात दिसतात ते रूप फारसे प्राचीन नाही. वॉटर्लूच्याच वर्षी, १८१५ साली, युरोपातील राजांनी व्हिएन्नाला बसून बेल्जमचा मुलूख हॉलंडच्या राजाच्या पदरात टाकला. फ्रान्स पुन्हा उसळला तर त्याला वाटेतच अडवावे म्हणून या मुलखात किल्ल्यांची एक फळी उभारण्याचे ठरले आणि तिच्यावर देखरेख खुद्द वेलिंग्टनची होती. दिनांचा गड, ह्यूईचा गड आणि नामूरच्या गडाची आजची तटबंदी ही त्या काळच्या डच सरकारची कामगिरी होय. पुढे १८३० मध्ये बेल्जन लोकांनी उठाव करून डचांनाच घालवून दिले! म्हणजे ज्यांनी गड बांधले ते पंधरा वर्षांत गेले, ज्यांच्यासाठी बांधले ते फ्रेंच त्या वेळी आलेच नाहीत, आणि ज्यांच्या डोक्यावर ते बांधले त्या गावकऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. म्हणून आमचे म्हणणे असे की, या गावांचा इतिहास गडावरून खाली पाहून कळत नाही. तो गावात उभे राहून वर पाहिल्यानेच कळतो.

ह्यूईपासून प्रारंभ करू. इ. स. ९८५ पासून हे नगर लिएजच्या बिशपच्या ताब्यात होते. हा बिशप नुसता धर्मगुरू नसे. तो आपल्या मुलखाचा राजाही असे. कर घेई, न्याय देई, सैन्य बाळगी. १०६६ साली थेओद्विन नावाच्या बिशपला ह्यूईचे मोठे देऊळ नव्याने बांधावयाचे होते आणि पैसा हवा होता. ह्यूईच्या व्यापाऱ्यांनी पैसा दिला. पहिल्याने आपल्या जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा आणि पुढे अर्धा हिस्सा! पण ही देणगी नव्हती, सौदा होता. बदल्यात त्यांनी बिशपकडून एक सनद लिहून घेतली. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील ज्या नगरसनदा ज्ञात आहेत, त्यांत ही सर्वांत जुनी मानली जाते. त्याच १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, ते वर्ष शाळकरी मुलालाही पाठ असते. ह्यूईच्या सनदेचे वर्ष तेच, पण ते कोणी पाठ करीत नाही. तलवारीने झालेल्या गोष्टी लक्षात राहतात आणि शाईने झालेल्या विसरल्या जातात, हा इतिहासाच्या पुस्तकांचा जुनाच दोष आहे.

या सनदेतील एक कलम आमच्या विषयाला फारच लागू आहे. बिशप मरण पावला आणि नवा बिशप अजून निवडला गेला नाही, अशा मधल्या काळात ह्यूईचा किल्ला नागरिकांनी सांभाळावा, असे त्यात ठरले होते. किल्ल्याच्या किल्ल्या काही काळापुरत्या का होईना, गावाच्या हाती आल्या. जेथे माथ्यावर किल्ला आहे तेथे त्याच्या दाराचा अडसर कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न असतो, हे त्या व्यापाऱ्यांनी अचूक ओळखले होते. त्यांची नावेसुद्धा आज आपल्याला माहीत नाहीत.

ह्यूईचे लोक आपल्या गावाची चार आश्चर्ये सांगतात, तीही त्यांच्या वॅलून बोलीत, यमक जुळवून: ‘पोंतिया’, ‘रोंदिया’, ‘बासिनिया’ आणि ‘त्चेस्तिया’. पोंतिया म्हणजे पूल, रोंदिया म्हणजे देवळाची नऊ मीटर व्यासाची रंगीत काचांची चक्राकार खिडकी, बासिनिया म्हणजे बाजारचौकातील १४०६ चे काशाचे कारंजे, आणि त्चेस्तिया म्हणजे किल्ला. यांपैकी कारंज्यापाशी आम्ही क्षणभर थांबू. चौकात पाणी खेळविणे आणि त्यावर उत्तम ओतकाम करवून घेणे, हे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या गावाचेच काम. ओतकामाची ही विद्या ह्यूईत त्याही आधी तीनशे वर्षांपासून होती. लिएजला सेंट बार्थोलोम्यूच्या देवळात पितळेचे एक बाप्तिस्म्याचे पात्र आहे. ते ११०७ ते १११८ च्या दरम्यान घडविले गेले. बारा बैलांच्या पाठीवर ते तोललेले होते. आज त्यांपैकी दहा बैल उरले आहेत. पात्राच्या भोवतालच्या आकृती अशा जिवंत की, वस्त्रांच्या चुण्यांतून अंग हलते आहे असे वाटावे. परंपरा हे काम ह्यूईच्या रेनिए नावाच्या ओताऱ्याचे मानते. त्यावर विद्वानांचे वाद चालू आहेत आणि ते मिटण्याचे चिन्ह नाही. पात्र कोणाचेही असो, म्यूज खोऱ्यातील धातुकाम बाराव्या शतकाच्या आरंभी कोणत्या उंचीला गेले होते, हे समजण्यास ते एकटेच पुरेसे आहे.

चौथे आश्चर्य, म्हणजे किल्ला, मात्र गावाला सुखाचे गेले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच, डच, स्पॅनिश आणि साम्राज्याच्या फौजा या खोऱ्यातून आळीपाळीने जात, आणि किल्ला आहे म्हणून ह्यूईला वेढा देत. अखेर १७१७ मध्ये तो पाडून टाकण्यात आला. त्यानंतरची शंभर वर्षे कड्याचा माथा उघडा होता. १८१८ ते १८२३ या काळात डचांनी तेथे नवा गड चढविला, आणि त्याचा खरा उपयोग कोणी केला म्हणाल तर हिटलरच्या अंमलदारांनी, तुरुंग म्हणून! १९४० पासून १९४४ पर्यंत सात हजारांहून अधिक कैदी येथे डांबले गेले. पुष्कळांची येथूनच जर्मनीतील छळछावण्यांकडे रवानगी झाली. त्या कैद्यांत १९४० मध्ये काही आठवडे पी. जी. वुडहाऊस हा इंग्रज लेखकही होता. ज्याच्या विनोदी कादंबऱ्या आपल्याकडे दोनतीन पिढ्यांनी चवीने वाचल्या, तोच हा. आता त्या कोठड्यांत संग्रहालय आहे. वेलिंग्टनच्या फळीतील हा बुरूज फ्रेंचांविरुद्ध उभारला गेला आणि प्रत्यक्षात त्याच गावच्या लोकांना कोंडण्याच्या कामी आला.

नामूरविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण त्याच्याविषयी इतरांनीच फार बोलून ठेवले आहे. दोन नद्यांच्या संगमावरील या गडाइतके वेढे युरोपातील थोड्याच गडांनी सोसले असतील. १६९२ साली चौदावा लुई जातीने वेढ्याला आला, वोबां हा त्याचा जगद्विख्यात दुर्गशास्त्री बरोबर होता, आणि आत डचांचा तितकाच नामांकित दुर्गशास्त्री कूहोर्न स्वतः बांधलेला बुरूज लढवीत होता. कूहोर्न जखमी झाला, गड पडला. तीन वर्षांनी पारडे फिरले. १६९५ मध्ये कूहोर्न बाहेर होता आणि वोबांने मजबूत केलेला गड त्याने राजा तिसऱ्या विल्यमसाठी घेतला. दोन उस्तादांचा हा बुद्धिबळाचा डाव होता. पट मात्र नामूरकरांच्या घरांचा होता. इंग्रजी वाचकांच्या लक्षात यांपैकी दुसरा वेढा राहिला तो लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ कादंबरीमुळे. तीतला टोबीकाका याच वेढ्यात जखमी होतो आणि उरलेले आयुष्य बागेत मातीचे किल्ले रचण्यात घालवितो. आज नामूर ही बेल्जमच्या फ्रेंचभाषी वॅलोनिया प्रांताची राजधानी आहे, आणि प्रांताची विधानसभा गडावर भरत नाही. ती गडाच्या पायथ्याशी, संगमाजवळच्या एका जुन्या धर्मशाळेच्या इमारतीत भरते.

नामूरपासून नदीच्या उलट सुमारे २८ किलोमीटर दक्षिणेस गेलो की दिनां लागते. येथे खोरे इतके अरुंद होते की, काही ठिकाणी कडा आणि पाणी यांच्यामध्ये एका रस्त्यापुरतीच जागा उरते. १२२७ मध्ये कड्याचा भाग कोसळून गावचे देऊळ चेंगरले गेले, तेव्हा लोकांनी त्याच जागी पुन्हा बांधले. दुसरी जागा होती कोठे?

अशा अडचणीच्या जागी नगर वाढले ते केवळ एका धातूच्या बळावर. आपल्याकडे ज्यांना तांबट आणि ओतारी म्हणतात, त्या दोन्ही धंद्यांत दिनांचे लोक मध्ययुगात इतके पुढे होते की, पितळकामाला फ्रेंच भाषेत ‘दिनांद्री’ हेच नाव पडले. तांबे जर्मनीतील हार्त्स पर्वताकडून येई. जस्ताची माती, म्हणजे कॅलमाइन, या खोऱ्यातच सापडे, आणि मुशी करण्यास लागणारी उत्तम चिकणमाती आंदेनच्या परिसरात मिळे. जस्त हा धातू वेगळा काढण्याची युक्ती तेव्हा युरोपला ठाऊक नव्हती. तांब्याचे तुकडे, जस्ताची माती आणि कोळशाची पूड एकत्र मुशीत घालून तापवावयाची; जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. मग कोणी ते ठोकून परात, घंगाळ, हंडा करी, तर कोणी ओतून समया आणि देवळातील ग्रंथपीठे करी. टोंगरेनच्या देवळात पंख पसरलेल्या गरुडाचे एक ग्रंथपीठ आहे. ते दिनांच्या जेहान जोझेसने चौदाव्या शतकात घडविले. हा माल लंडनपर्यंत जाई, आणि तेथे दिनांच्या व्यापाऱ्यांना जर्मन हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांबरोबरीने सवलती मिळत. धंद्याबरोबर अधिकारही आला. नगरसभेत घरंदाज नागरिक आणि लहानसहान धंदेवाले यांच्या जोडीला तांबटांच्या संघाला स्वतःचा हिस्सा होता. आन्री पिरेन या थोर बेल्जन इतिहासकाराने आपल्या उमेदीच्या काळात, १८८९ मध्ये, या एका लहान गावाच्या मध्ययुगीन राज्यघटनेवर ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे.

पण नदीच्या पलीकडल्या काठावर, जरा खाली, बुव्हीन नावाचे दुसरे गाव होते. तेथेही तांबटच. पाणी तेच, माती तीच, बाजार तेच. फरक एवढाच की, दिनां लिएजच्या बिशपचे आणि बुव्हीन नामूरच्या सरदाराचे, म्हणजे पुढे बर्गंडीच्या ड्यूकचे. एकाच धंद्यातील दोन शेजारी आणि त्यांचे धनी एकमेकांचे वैरी, मग भांडणाला काय तोटा! दिनांकरांनी एका बुरुजाला ‘मोंतोर्गेय’, म्हणजे गर्वाचा डोंगर, असे नाव दिले. बुव्हीनकरांनी समोर किल्ला उभारला, त्याचे नाव ‘क्रेव्हकर’, म्हणजे काळीज फोडणारा. ही नावेच सारे सांगतात. काठावर उभे राहून एकमेकांस शिव्या देणे हा तर दोन्ही गावांचा नेहमीचा उद्योग होता.

या शिव्याच अखेर भोवल्या. १४६५ साली बर्गंडीचा युवराज चार्ल्स फ्रान्सच्या राजाशी लढत असता त्याचा पराभव झाल्याची आवई उठली. दिनांच्या काही टवाळांनी त्याचा पुतळा करून बुव्हीनच्या तटासमोर नेला आणि हा ड्यूकचा औरस मुलगा नव्हेच, असे ओरडून सांगितले. म्हणजे शिवी युवराजाबरोबर त्याच्या आईलाही लागली. लढाईत चार्ल्स काही मेला नव्हता. पुढल्या वर्षी, ऑगस्ट १४६६ मध्ये, तो तोफा घेऊन दिनांवर आला. सत्तरीचा बाप, ड्यूक फिलिप, पालखीतून वेढा पाहावयास आला. २५ ऑगस्टला गाव शरण आले. त्यानंतर गाव लुटले गेले, जळाले, आणि उरले ते पाडण्याचा हुकूम झाला. चार्ल्सच्या पदरी असलेला तरुण फिलिप द कोमीन याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले की, आठशे कैद्यांना बुव्हीनसमोर नदीत बुडविण्यात आले, आणि तेही बुव्हीनकरांच्या आग्रहावरून. लोककथा म्हणते की, त्यांना दोघादोघांना पाठीला पाठ बांधून पाण्यात लोटले. आठशे हा आकडा फार गोल आहे आणि इतिहासकाराने गोल आकड्यांकडे संशयानेच पाहावे. पण आकडा कमी धरला म्हणून शेजाऱ्याने तो आग्रह धरला, ही गोष्ट काही हलकी होत नाही.

वाचलेले तांबट पांगले. कोणी ह्यूईला गेले, कोणी नामूरला, काही थेट फ्लँडर्समधील मिडेलबर्ग या नव्या वसाहतीत. हत्यारे पाठीवर घेऊन गेलेल्या या माणसांनी विद्या नेली. गाव मात्र मागे राहिले. पुढे दिनां पुन्हा वसले, मुशीही पुन्हा पेटल्या, पण पूर्वीचे ते वैभव आले नाही. बुव्हीनला तरी काय मिळाले? १५५४ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा आन्री याच्या फौजेने दोन्ही गावे घेतली आणि क्रेव्हकरचा किल्ला मोडला. शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा तीन स्त्रियांनी त्याच्या बुरुजावरून उडी टाकली, अशी कथा तेथे सांगतात. खरी असो वा नसो, तेव्हापासून त्या कड्यावर भग्न भिंतीच आहेत. या वैराचा एक विनोदी अवशेष म्हणजे योआखिम पातिनीर. निसर्गचित्राला युरोपच्या चित्रकलेत स्वतंत्र मान मिळवून देणाऱ्यांत याचे नाव पहिले घेतात; खुद्द ड्यूररने त्याला चांगला निसर्गचित्रकार म्हटले आहे. तो १४८० च्या सुमारास जन्मला, पण दिनांला की बुव्हीनला, यावर एकमत नाही. त्याच्या चित्रांतील उभे कडे मात्र दोन्ही गावांना सारखेच आपले वाटतात.

दिनांत एक मिठाई मिळते, ‘कूक’ नावाची. नुसती कणीक आणि मध, पाणीसुद्धा नाही; कोरीव लाकडी साच्यात दाबून भाजलेली ती इतकी कडक की, दाताने फोडू नये, तोंडात विरघळू द्यावी. १४६६ च्या वेढ्यात गावात कणीक आणि मध एवढेच उरले होते, तांबटांनी आपल्या साच्यांत ते दाबले, आणि कूक जन्मली, असे सांगतात. दंतकथाच ही, पण ज्या गावाने वेढ्याची आठवण खाण्याच्या पदार्थात ठेवली, त्या गावाविषयी आम्हाला आपुलकी वाटते.

आणखी एक नाते लोक जोडतात, ते जरा जपून जोडावे असे आमचे मत आहे. सॅक्सोफोन हे वाद्य ज्याने शोधून काढले तो आडोल्फ साक्स ६ नोव्हेंबर १८१४ रोजी दिनांत जन्मला. बाप वाद्ये घडविणारा. कुटुंब लवकरच ब्रुसेल्सला गेले, मुलगा पुढे पॅरिसला, आणि १८४६ मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट त्याला तेथेच मिळाले. पितळेच्या गावचा मुलगा आणि पितळेचे वाद्य, म्हणून त्याला जुन्या तांबटांचा वारस म्हणणे फार मोहक आहे. पण मध्ये साडेतीनशे वर्षे आहेत, आणि तो बाळपणीच गाव सोडून गेला होता. दिनांकर मात्र असल्या शंका काढीत बसत नाहीत. त्यांनी पुलावर रंगीबेरंगी मोठमोठे सॅक्सोफोन उभे केले आहेत. आपल्याकडे गोव्याच्या वादकांनी हे वाद्य मुंबईच्या नृत्यगृहांतून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून घरोघरी पोचविले, आणि लग्नाच्या वरातीतील बँडवाल्यालाही ते परके राहिले नाही. त्याचे नाव म्यूजकाठच्या एका माणसाचे आडनाव आहे, हे वरातीत कोणाच्या ध्यानी येणार?

ज्या पुलावर आज हे सॅक्सोफोन उभे आहेत, त्याच ठिकाणच्या जुन्या पुलावर १५ ऑगस्ट १९१४ रोजी फ्रेंच व जर्मन सैन्यांची चकमक झाली. गड सकाळी जर्मनांनी घेतला आणि फ्रेंचांनी परत मिळविला. पुलाच्या तोंडाशी एका तरुण फ्रेंच लेफ्टनंटच्या पायाला गोळी लागली. त्याचे नाव शार्ल द गोल. प्रवाशांना ही हकीकत हमखास सांगितली जाते. आठ दिवसांनी जे घडले ते सांगणे कठीण आहे. २३ ऑगस्टला सॅक्सनीच्या पलटणी गावात उतरल्या. पलीकडच्या काठावरून फ्रेंच गोळीबार करीत होते. जर्मन शिपायांची समजूत अशी झाली, किंवा करून देण्यात आली, की घराघरांतून नागरिकच आपल्यावर गोळ्या झाडीत आहेत. पुरुषांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. गावाच्या दक्षिण टोकाला बायार नावाचा एक सुळका आहे. चार भावांना पाठीवर घेऊन धावणाऱ्या बायार नावाच्या अद्भुत घोड्याने टाप मारून तो कड्यापासून वेगळा केला, अशी कथा आहे. त्या सुळक्यापाशी बायकामुलांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. मृतांत तीन आठवड्यांचे एक तान्हे मूल होते. एकूण ६७४ माणसे मारली गेली. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास होती. म्हणजे सुमारे दर दहा जणांत एक. मग गाव पेटविले.

जर्मन सरकारने १९१५ मध्ये अधिकृत पुस्तक काढून दोष दिनांच्या लोकांवरच ठेवला. नागरिकांनी संघटितपणे गोळीबार केला, या म्हणण्याला आधार नाही, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले; पण दिनांच्या लोकांना नुसते संशोधन नको होते, ज्यांनी आळ घेतला त्यांच्या तोंडचा शब्द हवा होता. तो ऐकावयास गावाला ६ मे २००१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी जर्मन सरकारच्या प्रतिनिधीने दिनांला येऊन क्षमा मागितली. मधल्या ८७ वर्षांत तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली जवळजवळ सर्व माणसे निघून गेली होती.

गडावर जाण्यास ४०८ पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तारेवरून चालणारा पाळणा आहे. वरून गाव खेळण्यासारखे दिसते. पण पाहुण्याला वेळ थोडा असेल तर आम्ही त्याला गडाऐवजी नदीकाठाने खाली चालत बुव्हीनला जावयास सांगू. बुव्हीन आता वेगळे गाव राहिलेले नाही; ते दिनांच्याच नगरपालिकेत मोडते. दोन्ही काठांचा कर एकाच कचेरीत भरतात. माथ्यावर क्रेव्हकरच्या भिंती आहेत, आणि खाली चौकात सोळाव्या शतकातील एक जुने घर आहे. म्यूज खोऱ्याच्या मध्ययुगीन वारशाचे संग्रहालय याच घरात मांडलेले आहे, आणि दिनांच्या तांबटांची कथा पाहावयाची तर त्यासाठी आज नदी ओलांडून बुव्हीनलाच यावे लागते.